भिंतीवरची दुसरी ओळ

काका निवृत्त झाले, त्याच्या पुढच्या रविवारी काकूंनी जेवणाच्या टेबलाची घडीची फळी उघडली. एरवी ती कुणी उघडत नसे, कारण ती उघडली की फ्रिजचं दार अर्धंच उघडायचं आणि काकूंचं डोकं पूर्ण फिरायचं. पण आज चौघं जेवायला होते, आणि फळांच्या भांड्याला टेकवून ठेवलेल्या टॅबमधून घरची मंडळीही येऊन बसणार होती.

"तू बाहेर बस बरं," काकू टिंबूला म्हणाल्या. "मी वळते तिथे तू उभी. मदत करतेस की पहारा देतेस तेच कळत नाही."

टिंबू मुकाट्याने खुर्चीवर जाऊन बसली. ती घरातलं शेवटचं नातवंड. 'आता वाक्य संपलं' म्हणत आजोबांनी तिला हे नाव ठेवलं होतं. पासपोर्टावर दुसरं नाव होतं. ते इथल्या लोकांना उच्चारता येत नव्हतं आणि घरात कुणी वापरत नव्हतं, त्यामुळे ते बिचारं नव्यासारखं पडून होतं. चित्रकला शिकायला ती या देशात आली आणि काकांच्या घरात, इस्त्रीच्या टेबलाशेजारी एक पलंग मावेल एवढ्या खोलीत राहू लागली, त्याला आता वर्ष होत आलं होतं. वर्षभरात काका तिच्याशी जेवढं बोलले होते, त्यापेक्षा जास्त दुधाच्या पिशवीवर छापलेलं असेल.

पण आजचा दिवस वेगळा असणार, अशी तिची खात्री होती. खुर्चीखाली तिने काकांसाठी एक भेट गुंडाळी करून ठेवली होती.

काकांनी जन्मभर रस्त्यांवर अक्षरं काढली होती. नगरपालिकेच्या गाडीतून उकळता पांढरा रंग न्यायचा आणि चौकाचौकांत इथल्या भाषेत 'हळू', 'थांबा', 'पुढे शाळा' असं लिहायचं. धावत्या गाडीतून नीट दिसावीत म्हणून ती अक्षरं माणसाच्या दुप्पट लांब ओढलेली असत. त्याआधी, आपल्या देशात, ते आजोबांच्या दुकानात पाट्या रंगवायचे. आजोबा पेंटर, मुलं त्यांना अण्णा म्हणत, आणि काका 'पेंटरचा थोरला'. गिऱ्हाईक येऊन सांगायचं, थोरल्याच्या हातून करून द्या. मग एक दिवस थोरला इकडे निघून आला आणि दुकान धाकट्याच्या, म्हणजे टिंबूच्या बाबांच्या गळ्यात पडलं. बाबांनी पुढे कुंचले बाजूला ठेवून छपाईचं यंत्र घेतलं.

त्या दुकानाच्या मागच्या खोलीत एक भिंत होती. हात बसला असं आजोबांना वाटलं, की ते त्या भिंतीवर एक आडवा पट्टा आखून द्यायचे, आणि त्यात अ पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं एका दमात काढायची. सगळ्यात वर खुद्द आजोबांची ओळ होती, सगळ्यात खाली बाबांची. मधला पट्टा कोरा. "तिथे थोरल्याची होती, ओलीने गेली," असं टिंबू लहानपणापासून ऐकत आली होती.

कॉलेजात तिला सगळे सांगत, तुमच्याकडचं काहीतरी करा. सुरुवातीला तिने कमळं आणि वेलबुट्ट्या काढल्या. वर्गाला त्या फार आवडल्या. पण तिच्या घरात कधी एक वेलबुट्टी नव्हती. घरात टर्पेंटाइनचा वास होता आणि 'येथे थुंकू नये' होतं. कमळं काढताना तिला आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी आजोबांबद्दल बोलतोय असं वाटायचं. शेवटी वर्षअखेरच्या प्रदर्शनात ती भिंतच उभी करायची, तेवढ्याच लांबीरुंदीची, असं तिने ठरवलं आणि बाबांकडून भिंतीचे फोटो मागवले. बाबांनी ते तुकड्यातुकड्यांनी पाठवले. ते संगणकावर जोडताना, काळा-पांढरा भेद वाढवल्यावर, मधल्या कोऱ्या पट्ट्यात अक्षरं उमटली. फिकट, पाण्याखालच्या दगडांसारखी. पण अख्खी ओळ होती, आणि काय ओळ होती! अ चं पोट असं सुटलेलं, की अक्षराने नुकताच श्वास सोडलाय.

टिंबू त्या दिवशी एकटीच संगणकासमोर हसली होती. आनंदाची बातमी सांगायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून तिने ती या रविवारसाठी राखून ठेवली.

जेवणं निम्मी झाल्यावर टॅब वाजला. आधी आईचा अंगठा दिसला, मग छत, मग सोफ्यावर बसलेले बाबा आणि आत्या.

"दादा, अभिनंदन!" आत्या ओरडली. परदेशात आवाज पोचवायला ओरडावं लागतं, यावर तिचा ठाम विश्वास होता. "आता तरी ये की रे इकडे! आता कसली नोकरी आडवी येतेय?"

"बघू," काका म्हणाले.

"तब्येत सांभाळ, दादा," बाबा म्हणाले.

"हो. तूही."

एवढ्यावर भावांचं संपलं. काका-काकूंचा मुलगा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. घरात सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. त्याने टिंबूला कोपराने ढोसलं. "दे ना आता. सकाळपासून खुर्चीखाली काय लपवलंयस?"

टिंबूने गुंडाळी काढली. चष्मेवाल्याने एक टोक धरलं, तिने दुसरं, आणि टेबलाच्या वर तो लांबलचक कागद ताणला गेला.

"काका," ती म्हणाली, "तुमची ओळ. ओलीने गेलेलीच नाही. अजून आहे भिंतीवर, रंगाच्या खाली."

काकांनी घास हातात तसाच धरला होता. त्यांनी कागद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला, घाई न करता, रस्त्यावरचं काम बघावं तसा. मग घास ताटात ठेवला.

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अण्णा आजारी पडले तेव्हा मी गेलो होतो ना एकदा. मागच्या खोलीत गेलो, तर ओळ गायब. ओल अशी सरळ रेषेत येत नाही, बाळ. कुणीतरी पट्टी लावून, नीट, कडा सांभाळून चुना फिरवला होता." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "अण्णांनी पुसलं मला. त्यांची भिंत, त्यांचा चुना. मी दुसऱ्या दिवशी निघालो. नंतर ते वारले तेव्हाही गेलो नाही. आता तो कागद गुंडाळ."

टिंबूच्या हातांना ते सुचेना. पडद्यावर आत्या बाबांकडे वळली होती.

"अण्णांनी?" ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "भाऊ, ऐकलंस का? हा इतकी वर्षं काय समजून बसलाय?"

बाबा खाली बघत होते.

"तू सांगतोस की मी सांगू?"

"ताई, आज नको."

"मग कधी? मी मेल्यावर? दादा, अण्णांनी नाही पुसली ती. याने पुसली. मी तिथेच होते, डबे धूत. मला कुठे ओळ दिली होती कुणी! मी आपली डबेच धुवायची, पण डोळे तर होते ना मला."

काकूंचा चमचा भाताच्या भांड्यात उभा राहिला होता.

"हो, मी पुसली," बाबा एकदम म्हणाले. त्यांचा चेहरा पडद्याच्या इतका जवळ आला की फक्त कपाळ आणि डोळे दिसत होते. "शाळेत होतो मी. तू निघून गेलास, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक उघड्या दारातून मागच्या खोलीतल्या त्या ओळीकडे बोट दाखवून विचारायचं, हा कुठाय? याच्याकडून पाहिजे. मी कुंचला धरून समोर उभा, आणि लोक माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघतायत. रोज! एका दुपारी फिरवला हात. अण्णांनी बघितलं आणि एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांनाही ते बरंच वाटलं असेल."

"बरं वाटलं?" आत्या म्हणाली. "दोन दिवस जेवला नव्हता तो माणूस. मी म्हटलं, बोला ना त्याला. तर म्हणाले, एक गेलाय. याला बोललो तर हाही जाईल."

बाबांचं तोंड थोडं उघडं राहिलं. हे त्यांना आज, आत्ता, सगळ्यांच्या देखत कळत होतं. मग त्यांचे डोळे पडद्यावर फिरले आणि टिंबूवर येऊन थांबले.

"तुला शिकायला पाठवलं होतं," ते म्हणाले. "घर उकरायला नाही."

पडदा काळा झाला. त्यात टेबलाभोवतीचे चार चेहरे दिसू लागले, म्हणून चष्मेवाल्याने टॅब पालथा घातला.

"म्हणजे मी आजोबांना एकदाही बघितलं नाही," तो आपल्या वडलांना म्हणाला, "ते एका चुन्याच्या हातामुळे? एक फोन करून विचारायचं नाही, की का पुसलंत?"

काका उठले. दाराशी जाऊन कामाचे जाड बूट घातले, जणू पाळी सुरू व्हायची आहे, आणि बाहेर पडले.

"बाबा, थांबा!" चष्मेवाला म्हणाला.

"जाऊ दे त्यांना," काकू म्हणाल्या. मग टिंबूकडे वळल्या. "झालं समाधान? या घरात आम्ही कुणी काही विचारत नव्हतो. बरं चाललं होतं आमचं."

"मला वाटलं त्यांना आनंद होईल."

"तुला वाटलं!" काकूंनी फळी खटकन मिटली. "तुम्हा कलावाल्यांना काहीही वाटतं."

पुढचे दिवस टिंबूला खोलीच्या भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या आवाजांवरून कळत गेले. काकांच्या खोकल्यावरून सकाळ, काकूंच्या किल्ल्यांवरून संध्याकाळ. काकू इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी घडी करायच्या. आल्या की तडक आत जात. टिंबूचं जेवण झाकून ठेवलेलं असे. झाकून ठेवण्यात चूक कधीच झाली नाही, पण "जेव गं" एवढंही कुणी म्हटलं नाही. बाबा फोन उचलत नव्हते. आई उचलायची आणि दबक्या आवाजात म्हणायची, "थोडे दिवस जाऊ दे." आत्याने तेवढा एक निरोप पाठवला: 'तू काही चूक केली नाहीस. पण आता पुन्हा काही बरोबर करू नकोस.'

बसमध्ये, कॉलेजात, रंगाच्या दुकानात ती दिवसाकाठी मोजकी चार वाक्यं बोलायची आणि तीही दुसऱ्यांच्या भाषेत. एकदा आंघोळ करताना ती उगीच मोठ्याने "साबण" म्हणाली. आपल्या भाषेतला स्वतःचाच आवाज ऐकून तिला रडू फुटलं.

प्रदर्शन जवळ आलं. भिंतीसाठी लाकडी चौकट बांधून झाली होती, त्यावर फळ्या ठोकून खाली पांढरा हातही दिला होता. काढायचं की नाही, एवढंच बाकी होतं. शिक्षिकेला तिने सगळं सांगितलं. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे मी ठरवू शकत नाही." ते खरंच होतं, आणि खरं असल्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता.

काका तिला बसथांब्यामागच्या बाकावर सापडले. निवृत्त झाल्यापासून ते रोज तिथे जाऊन बसत. समोरच्या चौकात त्यांनीच काढलेलं 'थांबा' होतं, गाड्यांखाली झिजत चाललेलं.

ती शेजारी बसली. ते सरकले नाहीत, पण उठलेही नाहीत.

"काका, भिंत दाखवू नको का मी?"

"तुझं काम आहे ते. मला कशाला विचारतेस?"

"मधली ओळ तुमची आहे म्हणून."

काकांनी रस्त्याकडे हात केला. "ते बघ. चाळीसच्या वेगाने येणाऱ्या माणसासाठी काढलंय ते. तू इथे बसून बघितलंस तर नुसते बांबू उभे केल्यासारखं दिसतं. माझा हात आता असाच झालाय, लांबट. घरी एकदा कागदावर अ काढून बघितला. तो पण धावायलाच निघाला."

टिंबूला हसू आलं. काकांनाही येणार होतं, पण ते वळून दुसरीकडेच गेलं.

"एक सांगू? पुसली त्याचा राग नाही मला," ते म्हणाले. "पोरगं होतं ते, चिडलं. पण मी अण्णांवर रागावून बसलो ना इतकी वर्षं. त्यांना तिकडे माहीतच नाही की मी कशावर रागावलोय. बिछान्यावर पडून दाराकडे बघत असतील, आणि मी इथे रस्त्यावर 'थांबा' लिहीत होतो." त्यांनी बुटाच्या टाचेने एक खडा ढकलला. "आता ती ओळ तू भरलीस काय नि नाही भरलीस काय."

"तुम्ही शिकवाल मला? निदान तो अ?"

"नाही," काका म्हणाले. आणि मग, अगदी हळू, "नाही जमायचं, बाळ. तू जा आता. गार वारा सुटलाय."

तिने भिंत रंगवायला घेतली. आधी आजोबांची ओळ. ती पाहत पाहतच ती मोठी झाली होती, त्यामुळे हात आपोआप वळत गेला. मग बाबांची. बाबांच्या अक्षरांत एक भित्रा काटेकोरपणा होता, प्रत्येक उभी रेघ पट्टी लावल्यासारखी. कुणी चूक काढू नये म्हणून काढलेली ओळ होती ती, आणि हे तिला कुंचला हातात घेईपर्यंत कळलं नव्हतं. सगळ्यात शेवटी मधला पट्टा. फिकट छायेवरून काकांची अक्षरं उचलायला तिला सर्वांत जास्त वेळ लागला. अ चार वेळा पुसला. पण शेवटच्या दिवशी ज्ञ पूर्ण झाला तेव्हा तिने मागे जाऊन बघितलं. बाकी दोन्ही ओळी आता तिच्या डोळ्यांना दिसेनाशा झाल्या होत्या. नजर मधेच जाई, आणि मधेच राही.

मग तिने पट्टी लावली, चुन्यासारखा पातळ रंग कालवला, आणि त्या ओळीवर हात फिरवायला घेतला.

पहिल्या फटकाऱ्याला मनगट अडलं. इतकं चांगलं काही आपण झाकतोय, हे हाताला पटत नव्हतं. पण दोनचार अक्षरं गेल्यावर ते सोपं होत गेलं, आणि तीच गोष्ट तिला फार भयंकर वाटली. नीट, कडा सांभाळून, वरच्या आणि खालच्या ओळीला धक्का न लावता. बाबांनीही कडा सांभाळल्या होत्या. रागाच्या भरातही त्यांनी आजोबांच्या ओळीवर एक थेंब पडू दिला नव्हता. शाळकरी वयाचे बाबा तिला पहिल्यांदाच दिसले: शर्टाच्या बाह्या दुमडलेले, दुकानात एकटेच, दाराकडे कान. तिला त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहावंसं वाटलं.

प्रदर्शनाला गर्दी बरीच होती. लोक तिच्या भिंतीसमोर थांबत, मान तिरकी करत, 'किती सुंदर आकार' म्हणत आणि पुढे सरकत. एका बाईने विचारलं, ही कविता आहे का? टिंबूने सांगितलं, नाही, ही नुसती अक्षरं आहेत, शाळेत पहिल्या दिवशी शिकवतात ती. बाई जरा हिरमुसली. वर्गातल्या बाकीच्यांचे आईवडील आले होते, फोटो निघत होते. चष्मेवाल्याने निरोप पाठवला होता की दुकानात माणूस नाही. टिंबू भिंतीच्या कडेला उभी होती आणि तिच्या मनात एकच येत होतं, की एवढ्या मोठ्या दालनात हे वाचू शकणारी आपण एकटीच आहोत. आणि आपल्याला तर ते पाठच आहे.

दुपार कलली, गर्दी पांगली, आणि मागून आवाज आला.

"अ... आ... इ... ई..."

काकू होत्या. धुलाईखान्यातला निळा कोट तसाच अंगात, खांद्याला पिशवी, आणि एक बोट हवेत धरून, प्रत्येक अक्षराला बोट लावत त्या पहिली ओळ मोठ्याने वाचत होत्या. लोक वळून बघू लागले. काकूंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. ओळ संपवून त्या दम घ्यायला थांबल्या.

"किती वर्षांनी आपलं एवढं मोठं काही वाचलं," त्या म्हणाल्या. "इथे वाचायचं म्हणजे बिलं आणि औषधाच्या बाटल्या, त्याही यांच्या भाषेत. आणि हे काय, ऋ जरा बुटका झालाय तुझा."

"आजोबांचा तसाच होता, काकू."

"मग असू दे." त्या भिंतीच्या जवळ गेल्या आणि मधल्या पट्ट्याकडे एका बाजूने बघू लागल्या. तिरप्या उजेडात रंगाखालचे उंचवटे दिसत होते. काकूंनी हात लावला नाही, पण हात लावावा इतक्या जवळ नेला. "लिहून झाकलंस होय?"

"हो."

दालनाच्या मध्ये एक लांब बाक होता, त्यावर काकू जाऊन बसल्या आणि बूट काढून पाय चोळू लागल्या. टिंबूही जाऊन बसली.

"काका येणार नाहीत ना?" तिने विचारलं.

"नाही येणार. तुझ्या बापाचा फोन आलाय."

टिंबू दचकली. "बाबांचा? काकांना? काय झालं?"

"काय व्हायचंय? भांडतायत दोघं. मी कामावरून घरी डोकावले तेव्हा चालूच होतं. यांचा आवाज जिन्यात ऐकू येत होता. शेजारीण दार उघडून बघत होती." काकूंनी दुसरा पाय मांडीवर घेतला. "लग्न झाल्यापासून मी या दोघांना एकमेकांशी पाहुण्यासारखं बोलताना ऐकलंय. कसा आहेस, बरा आहे, सांभाळ. आज पहिल्यांदा कळलं, यांना एकमेकांना शिव्या देता येतात."

"मग आपण जायला हवं, काकू. कुणीतरी मध्ये पडायला हवं."

"बस गप," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी टिंबूचं मनगट धरून ठेवलं. "कुणी मध्ये पडायचं नाही. मी निघाले तेव्हा त्यांचं भांडण आत्ता कुठे शाळेच्या दिवसांपर्यंत आलं होतं."